ग्रंथालयांचीं परवानापत्रें : मिरासदारी कीं उपरीपण?

डिजिटल रूपांत मिळणाऱ्या नियतकालिकांच्या परवानापत्रांची चर्चा जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांच्या त्रैमासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु परवानापत्र हा शेवटीं एक दस्तऐवजच आहे. सनद, कौलनामा, तहनामा, खरेदीखत यांपैकीं कोणताहि कागद हातीं आला असतां देणारा कोण, घेणारा कोण, काय दिलें, किती मुदतीनें दिलें, आणि कलह उपजल्यास निवाडा कोठें व्हावयाचा, हें आपण आधीं पाहतों. ग्रंथालयांकडे सहीसाठीं येणाऱ्या इंग्रजी करारनाम्यांस मात्र हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं. विचारलेच तर सही झाल्यावर विचारले जातात. तीनशें वर्षांपूर्वींचा मोडी कागद अक्षर न् अक्षर लावणारा संशोधक आपल्याच संस्थेनें गेल्या महिन्यांत सही केलेला कागद न वाचतां फायलींत लावतो, ही स्थिति चमत्कारिक आहे. म्हणून इतर कोणत्याहि ऐतिहासिक कागदाचें करावें त्याच पद्धतीनें या कागदांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे.

मलिक अंबरच्या जमाबंदीची आठवण ज्या नगर प्रांतांत 'मलिकंबरी धारा' या शब्दांनीं राहिली, तेथील वाचकांस मिरासदार व उपरी यांतील भेद सांगावयास नको. मिरासदार सारा भरी, पण जमीन त्याची. ती तो विकूं शके, गहाण ठेवूं शके, आणि दुष्काळांत परागंदा झाला तरी परत येऊन तिच्यावर हक्क सांगूं शके. उपरी हा मुदतीपुरतें कूळ. कौलाची मुदत सरली कीं त्याचा नांगर बांधाबाहेर. ग्रंथालयानें विकत घेतलेलें छापील पुस्तक ही त्याची मिरास होती. नगरचें जिल्हा वाचनालय १८३८ सालापासूनचें आहे. अशा संस्थेच्या कपाटांत जें एकदां मोल देऊन ठेवलें, तें वर्गणी थांबली, प्रकाशक बुडाला किंवा राज्य पालटलें म्हणून उचलून नेण्याचा अधिकार विकणाऱ्यास नव्हता. (वाळवीचा अधिकार निराळा, तो तिनें सर्वत्र बजावलेला आहे.) डिजिटल नियतकालिक मात्र ग्रंथालय विकत घेत नाहीं. तें वाचण्याचा परवाना मुदतीपुरता घेतें. या भेदाचा अर्थ २००९ च्या जुलै महिन्यांत सर्व जगास कळला. जॉर्ज ऑर्वेल याच्या कांहीं पुस्तकांच्या प्रति विकण्याचा हक्क विकणाऱ्यास नव्हता असें आढळल्यावरून ॲमेझॉन कंपनीनें त्या प्रति ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूरूनच काढून घेतल्या. पैसे परत मिळाले, पुस्तक गेलें. छापील पुस्तकाच्या दुकानदारास रात्रीं ग्राहकाच्या घरीं शिरून असें करतां आलें नसतें.

दुसरें एक साम्य इस्ताव्याचें. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याच्या कौलानें पहिल्या वर्षीं थोडा सारा पडे, तो दरसाल चढत जाई, आणि ठरल्या वर्षीं पुऱ्या दरास येऊन थांबे. परवानापत्रांतहि दरसालची वाढ नमूद असते. ती कोठें थांबावयाची, हें मात्र पुष्कळ परवानापत्रांत नमूद नसतें. आमच्या पूर्वजांचा कौल याहून अधिक विचारपूर्वक लिहिलेला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

प्रस्तुत लेखक ज्या एका लहानशा ग्रंथालयाच्या समितीवर आहे, तेथें असें एक परवानापत्र सहीसाठीं आलें. संस्थेचें व कंपनीचें नांव येथें अप्रस्तुत आहे. इतरत्र पाहिलेलीं परवानापत्रेंहि थोड्याबहुत फरकानें त्याच सांच्यांतलीं आहेत. शास्त्रग्रंथाच्या आरंभीं अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन हें अनुबंधचतुष्टय पाहावें, असा आपला जुना शिरस्ता. तोच चष्मा लावून हा कागद वाचला असतां त्याचें स्वरूप चांगलें उघड झालें.

अधिकारी कोण? कागदाच्या पहिल्या पानावर 'अधिकृत वाचक' अशी एक संज्ञा बांधलेली होती, आणि तींत संस्थेचे विद्यार्थी, अध्यापक व नोकर एवढेच येत होते. व्याकरणांत संज्ञाप्रकरण आधीं येतें तें उगाच नव्हे. 'वृद्धि' म्हणजे काय हें पहिल्याच सूत्रांत ठरलें कीं पुढचीं सूत्रें त्याप्रमाणें चालतात. येथेंहि तसेंच झालें. संग्रहालयांत येऊन बसणारा वकील, जुन्या नाण्यांचा छंदी सराफ, आपल्या घरच्या वतनाचे कागद लावूं पाहणारा शेतकरी, नोकरींतून मोकळा झालेला शिक्षक, हे सर्व एका संज्ञेनें बाहेर पडले. वास्तविक इतिहाससंशोधनाचा निम्म्याहून अधिक भार याच मंडळींनीं आजवर वाहिला आहे. ग्रंथालयाच्या दारांतून आंत आलेल्या कोणाहि वाचकास तेथील यंत्रावर बसून वाचतां येईल, एवढें एक वाक्य त्या संज्ञेंत घातलें असतें तर कंपनीचें कांहीं बिघडलें नसतें. असें वाक्य घालण्याची चाल परदेशांतील ग्रंथालयांत रूढ आहे. आम्ही तें मागितलें, आणि दुसऱ्या पत्रांत तें मिळालेंहि. मागितल्यावांचून मात्र तें कोणी देत नाहीं.

विषय काय दिला? परिशिष्टांत नियतकालिकांची यादी होती, परंतु एका कलमानें त्यांतील कोणतेंहि केव्हांहि काढून घेण्याचा अधिकार देणाऱ्यानें राखला होता. मोबदल्यांत घट करण्याविषयीं एक अक्षर नव्हतें. गांव इनाम द्यावा आणि वाटेल तेव्हां वाटेल तें शेत परत घ्यावें, अशी सनद आमच्या पाहण्यांत नाहीं. संबंधाविषयीं म्हणावें तर तंट्याचा निवाडा समुद्रापलीकडच्या न्यायालयांत व्हावयाचा होता. प्रयोजनाच्या सदराखालीं संशोधनास मुभा होती, पण दुसऱ्या ग्रंथालयास एखाद्या लेखाची नक्कल पाठविण्यास मनाई, आणि यंत्राच्या साह्यानें अनेक लेखांतील शब्दांची तुलना करण्यासहि मनाई. पाठभेद जुळविण्यांत आयुष्य घालविणाऱ्यांस या शेवटच्या मनाईचें महत्त्व सांगणें नको.

याहून गंभीर गोष्ट कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाचकांस व ग्रंथालयांस कांहीं मोकळीक दिली आहे. खासगी अभ्यासासाठीं व संशोधनासाठीं योग्य प्रमाणांत नक्कल करतां येते. जें पुस्तक भारतांत विक्रीस मिळत नाहीं, त्याच्या तीनपर्यंत प्रति सार्वजनिक व नफा न घेणाऱ्या ग्रंथालयास करून घेतां येतात. २०१२ च्या दुरुस्तीनें, जी प्रत आपल्याजवळ आहे ती जतनासाठीं डिजिटल रूपांत साठविण्याचा अधिकारहि अशा ग्रंथालयांस मिळाला. आणि आपल्या वर्गाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें तें हें, कीं लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयांत किंवा वस्तुसंग्रहालयांत ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाची नक्कल अभ्यासासाठीं वा प्रकाशनासाठींहि करतां येते. लेखक कोण हें ठाऊक असल्यास त्याच्या मृत्यूस साठ वर्षें होऊन गेलेलीं असावीं, इतकीच अट. पत्रव्यवहार व बखरी छापणाऱ्यांचा हा मोठाच आधार आहे. न्यायालयांनींहि या कलमाचा अर्थ संकुचित केलेला नाहीं. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनीं दिल्ली विद्यापीठ व तेथील छायाप्रतींचें एक दुकान यांवर २०१२ सालीं लावलेला दावा दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१६ च्या सप्टेंबरांत फेटाळला. डिसेंबरांत खंडपीठानें शिक्षणासाठीं उताऱ्यांच्या नकला करण्याचें तत्त्व उचलून धरलें, आणि २०१७ सालीं प्रकाशकांनीं तो दावा सोडून दिला.

आतां परवानापत्र पाहा. उत्सर्गास अपवाद बाधतो, हें व्याकरण शिकलेला कोणीहि जाणतो. कायद्यांत मालकाचा हक्क हा उत्सर्ग, आणि ५२ वें कलम हा अपवाद. परवानापत्र हें तिसरेंच प्रकरण होऊन अपवादाच्या डोक्यावर बसतें: कायद्यानें जें करण्यास मोकळीक आहे तेंच न करण्याचें ग्रंथालय आपण होऊन कबूल करतें. ब्रिटनमध्यें २०१४ सालीं कायदा सुधारून, संशोधन व खासगी अभ्यास यांसाठीं दिलेली मोकळीक काढून घेणारी कराराची अट निरर्थक समजावी, असें ठरविण्यांत आलें. आपल्या कायद्यांत असें स्पष्ट कलम नाहीं. म्हणून तें होईपर्यंत 'या करारांतील कोणत्याहि अटीनें भारतीय कॉपीराइट कायद्यानें दिलेले हक्क कमी होणार नाहींत' एवढी एक ओळ प्रत्येक परवानापत्रांत घालून घेणें हाच उपाय. ही ओळ देण्यास जो प्रकाशक तयार नसेल, त्याचा हेतु त्यावरूनच समजावा.

सरकारनें या क्षेत्रांत कांहींच केलें नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. २००३ पासून तांत्रिक शिक्षणसंस्थांचा, २००४ पासून विद्यापीठांचा, २००७ पासून कृषिसंस्थांचा, २०१० पासून महाविद्यालयांचा, असे एकत्र खरेदीचे संघ निघाले. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळानें ती २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें, ६,३०० हून अधिक संस्था, आणि सुमारें १ कोटी ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. वर्षाचे २,००० कोटी धरले तर माणशीं सुमारें अकराशें रुपये पडतात. एकेका संस्थेनें एकट्यानें घासाघीस करण्यापेक्षां सर्वांच्या वतीनें एकानें बोलणी करावीं हें सर्वथा योग्य, आणि त्याबद्दल योजकांचें अभिनंदन केलें पाहिजे. पण मंजुरीच्या शब्दांत अधिकारी म्हणून आल्या त्या केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं अनुदान घेणारीं सार्वजनिक वाचनालयें, जिल्ह्यांतील वस्तुसंग्रहालयें व खासगी संशोधन मंडळें त्या व्याख्येंत बसत नाहींत.

याचा नगर जिल्ह्यांतील अर्थ असा. राहुरीस १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ हें राज्याचें विद्यापीठ असल्यानें या व्याख्येंत बसतें. तेथून दहाबारा कोसांवर नगर शहरांत १९६० सालापासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र आहे. मोडी कागदांचा व हस्तलिखितांचा मोठा संग्रह तेथें आहे, आणि निजामशाहीच्या व मराठेशाहीच्या अभ्यासासाठीं लोक तेथें येतात. रॉयल एशियाटिक सोसायटीचें जर्नल केंब्रिजकडे आहे. दिल्लींत १९६३ सालीं निघालेलें इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू आज सेज कंपनीकडे आहे. हे दोन्ही प्रकाशक योजनेच्या तिसांत आहेत. म्हणजे मराठेशाहीच्या महसुलावरील लेख उसावरील किडीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास एका क्षणांत मिळेल, आणि ज्याच्यासमोर त्या महसुलाचा अस्सल ताळेबंद उलगडून पडला आहे त्यास मिळणार नाहीं. विद्यार्थ्यास मिळूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. अकराशें रुपये माणशीं ज्या हिशेबांत बसतात, त्यांत जिल्ह्यागणिक दहावीस संशोधक आणखी बसविल्यानें राज्य बुडणार नाहीं, इतकेंच म्हणणें. अमेरिकेंतील जेस्टोर हें भांडार नफ्यासाठीं चालणारें नाहीं. त्यांत भांडारकर संस्थेच्या 'ॲनल्स'चे अंकहि आहेत. त्यानें कोणत्याहि संस्थेशीं संबंध नसलेल्या वाचकास विनामूल्य वाचावयाच्या लेखांची मर्यादा २०२० सालीं महिन्यास १०० पर्यंत वाढविली. परक्यानें घरच्या अंकाकरितां दार किलकिलें करावें, आणि घरच्या योजनेनें घरच्यास ओळखूं नये, हें बरें दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप मुदतीचा. ३१ डिसेंबर २०२७ नंतर काय? नूतनीकरण झालें तर प्रश्न नाहीं. न झालें तर ज्या तीन वर्षांचें मोल दिलें त्या तीन वर्षांचे अंक तरी कायम वाचावयास मिळावेत, हें मिरासदारीचें किमान चिन्ह होय. न्याय्य परवानापत्राची पहिली खूण आम्ही हीच समजतों. वर्गणीच्या काळांतील अंकांवर कायमचा हक्क, आणि प्रकाशकाची संस्था बुडाल्यास ती प्रत कोठून मिळावयाची याची तजवीज. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठानें १९९९ च्या सुमारास 'लॉक्स' नांवाची एक योजना सुरू केली. पुष्कळ ग्रंथालयांनीं पुष्कळ प्रति ठेवाव्या म्हणजे ठेवा सुरक्षित राहतो, हें तिचें तत्त्व. यांत आपल्याला नवें कांहीं नाहीं. महाभारताची चिकित्सक आवृत्ति भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध केली, ती काश्मीरपासून केरळपर्यंतच्या प्रति निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या लिपींत टिकून राहिल्या म्हणूनच. सर्व पोथ्या एकाच धन्याच्या कोठींत असत्या, आणि त्यानें दर पांच वर्षांनीं जुनी पोथी फाडून सुधारलेली ठेविली असती, तर पाठभेदांचें नांवहि उरलें नसतें. प्रकाशकाच्या यंत्रावर एकच प्रत असते. तींतील लेख उद्यां दुरुस्त झाला तर कालचा पाठ काय होता हें सांगणारी दुसरी प्रत परवानेदार ग्रंथालयापाशीं नसते.

कॉपीराइट संपलेल्या साहित्याची गोष्ट तर निराळीच. कै. राजवाडे १९२६ सालीं निवर्तले. त्यांच्या 'साधनां'वरील हक्क केव्हांच संपला, आणि तीं कोणीहि छापावीं. कंपनी सरकारच्या वखारींचे कागद त्याहून जुने. तरी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरांचा मोठा भाग ॲडम मॅथ्यू या प्रकाशनसंस्थेनें डिजिटल केला आहे, आणि तो मोल देणाऱ्या संस्थांसच पाहावयास मिळतो. त्याच इंडिया ऑफिसच्या दप्तरांतील इराणी आखातासंबंधींचे कागद मात्र २०१४ पासून जगांतील कोणासहि फुकट पाहतां येतात. कारण कतारनें ब्रिटिश लायब्ररीशीं करार करतांना तशी अट घातली व खर्च सोसला. एकाच घरांतलीं दोन दप्तरें. एक कुलुपांत, एक चव्हाट्यावर. फरक करणाऱ्या करारांत आहे. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्यांस वखारींचे कागद लागतात, आखाताचे लागत नाहींत, हें आमचें दुर्दैव म्हणावें तर कतारनें जें केलें तें महाराष्ट्रास अशक्य होतें असें मानावें लागेल. तसें आम्ही मानीत नाहीं.

घासाघीस करून कांहीं मिळतें काय, असा निराशेचा सूर समित्यांच्या बैठकींत नेहमीं निघतो. मिळतें. येल विद्यापीठाच्या ग्रंथपालांनीं १९९० नंतरच्या दशकांत परवानापत्रांचे नमुने व त्यांतील प्रत्येक कलमावरील टीका प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून ग्रंथालयें स्वतःचा मसुदा पुढें ठेवूं लागलीं. कॅलिफोर्निया विद्यापीठानें २०१९ च्या फेब्रुवारींत एल्सेव्हिअरशीं बोलणीं मोडलीं, दोन वर्षें त्या नियतकालिकांवांचून काढलीं, आणि २०२१ च्या मार्चांत आपल्या अध्यापकांचे लेख सर्वांस खुले राहतील असा करार पदरांत पाडून घेतला. आपलें मंडळ कॅलिफोर्निया नव्हे, हें खरें. पण नगर, धुळें, पुणें, कोल्हापूर येथील संस्थांनीं एकाच मसुद्यावर सह्या केल्या तर ती अगदींच दुबळी बाजू राहत नाहीं. त्या मसुद्यांत गुप्ततेचें कलम मुळींच नसावें. कोणी किती मोल दिलें हें दुसऱ्यास कळूं न देण्याची अट प्रकाशक घालतात. २०१४ सालीं कांहीं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं माहितीच्या कायद्याखालीं सार्वजनिक विद्यापीठांचे करार मागवून ताडून पाहिले, तेव्हां सारख्याच मालासाठीं सारख्याच संस्थांनीं फार निरनिराळें मोल दिल्याचें दिसून आलें. बाजारांत भाव लपवून कोण ठेवतो, हें नगरच्या आडतबाजारांत उभें राहणाऱ्यास विचारावें.

आतां शेवटची बाजू, जी आम्हांस कडू लागेल. परवानापत्रांत आपण नेहमीं घेणारेच असतों असें नाहीं. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकांत 'ज्ञानभारतम्' या मोहिमेची घोषणा झाली. संस्था, संग्रहालयें, ग्रंथालयें व खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन हा तिचा उद्देश. २००३ च्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेपासून हें काम चालत आलें आहे, परंतु आतां दारांत येणारांची संख्या वाढेल, आणि सरकाराखेरीज इतरहि येतील. त्या वेळीं देणारे आपण. कित्येक संग्राहकांची वृत्ति अशी कीं रुमाल सोडूनच दाखवावयाचा नाहीं. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींत लपविले त्यास छळाचें कारण होतें. आजच्या संग्राहकास तें नाहीं. जो स्वतःच्या कपाटास कुलूप लावून बसतो, त्यानें परदेशी प्रकाशकाच्या कुलुपावर टीका करूं नये. दुसऱ्या टोकास कित्येक भोळे असे कीं कोणी सुटाबुटांतला गृहस्थ यंत्र घेऊन आला कीं सर्व दप्तर त्याच्या हवालीं करतात, आणि आपल्याच कागदाचें छायाचित्र पुढें मोल देऊन पाहतात.

कागद द्यावा, पण कागदावर द्यावा. मूळ हस्तलिखिताची मालकी हलणार नाहीं. छायाचित्रें काढण्याची मुभा एकट्यासच दिलेली नाहीं. पूर्ण दर्जाच्या छायाचित्रांची एक प्रत काम संपतांच संग्राहकास मिळेल. अभ्यासकास तीं विनामूल्य पाहतां येतील. प्रत्येक छायाचित्राखालीं संग्रहाचें नांव व रुमालाचा अनुक्रम राहील. आणि छायाचित्रांवर नवा कॉपीराइट कोणी सांगणार नाहीं. एवढीं कलमें मराठींत लिहून, दोघां साक्षीदारांच्या सह्या घेऊन, एक प्रत संग्राहकाच्या घरीं व एक जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयांत ठेवावी. इंग्रजी मसुदा आलाच तर त्याचा तर्जुमा करवून दोन्ही एकत्र बांधावे, आणि रुमालावर सालाचा अंक घालावा.